तोंडी बिलं, कागदी बिलं

आमच्या आणि माईंच्या बंगल्यांमधली भिंत चार फुटांची आहे. सहकारनगरात जुने बंगले बांधले गेले तेव्हा बऱ्याच ठिकाणी एवढीच भिंत घालत. चोर अडण्यापेक्षा शेजारी दिसणं महत्त्वाचं असावं. हल्ली बंगला पाडून इमारत उभी राहिली की आधी भिंत आठ फूट होते, आणि मग माणसांनी एकमेकांना भेटावं म्हणून गच्चीवर खास जागा काढतात. असो. अकराच्या सुमाराला, पोळ्यावाल्या मावशी गेल्या आणि दोरीवर कपडे पडले, की माईंचा चष्मा भिंतीवर उगवतो आणि दोन्हीकडच्या आमट्या गॅसवर आटत बसतात.

माई बहात्तर वर्षांच्या. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे गल्लीतल्या कुठल्याही भानगडीत त्यांना आधी आकडा लागतो. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं तर बाकीच्या विचारतात, का मोडलं? माई विचारतात, हॉलचा ॲडव्हान्स परत मिळाला का?

परवा विषय निघाला समोरच्या वहिनींचा.

“सकाळचं ऐकलंस ना?” माईंनी सुरुवात केली. न ऐकून सांगते कुणाला! कोथिंबिरीच्या एका जुडीवरून वहिनींनी भाजीवालीशी असा काही वाद घातला होता की दूधवालाही सायकल टेकवून उभा राहिला. तीसची जुडी वीसला, वर चार मिरच्या आणि आल्याचा तुकडा.

“दहा रुपये सुटले की हो माई,” मी वहिनींची बाजू घेतली.

“सुटले ना! आणि त्याच बाईंचे यजमान क्रेडिट कार्डाच्या बिलातली नुसती ‘किमान रक्कम’ भरतात. मला त्यांनी स्वतः सांगितलं, कौतुकानं. म्हणाले, माई, पंचवीस हजारांचं बिल आलं तरी साडेबाराशेत भागतं!”

“मग उरलेलं?”

“उरलेलं उरतंच. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धर. वर्षाचे बेचाळीस झाले. त्या व्याजावर पुन्हा अठरा टक्के जीएसटी. आणि एकदा बाकी ठेवली की पुढच्या खरेदीला ती पन्नासेक दिवसांची बिनव्याजी मुदतसुद्धा मिळत नाही. किराणा भरला त्या दिवसापासून मीटर सुरू. चोवीस हजारांवर दिवसाला सत्तावीस रुपये नुसतं व्याज होतं. बाई दारात दहा वाचवते आणि बुवा आत सोफ्यावर बसून सत्तावीस घालवतो.”

मी म्हटलं, वहिनींना सांगायला हवं. माई म्हणाल्या, “नवरा-बायकोच्या मध्ये मी पडत नाही. तू सांग.” गल्लीतल्या अवघड जबाबदाऱ्या अशाच माझ्या अंगणात येऊन पडतात.

मग त्यांनी त्यांचा लाडका सिद्धांत मांडला. तो मी पूर्वीही ऐकला होता, पण दर वेळी त्यात नवा पुरावा असतो. माईंच्या मते बिलं दोन जातींची. एक तोंडी, एक कागदी. ज्याला आपण गिऱ्हाईक म्हणून गमावण्याची भीती आहे, त्याचं बिल तोंडी. ते बोलल्यानं उतरतं. इंटरनेट, केबल, कार्डाची वार्षिक फी, सराफाची घडणावळ, आणि सगळ्यात मोठं म्हणजे कर्जाचा दर. वीज आणि घरपट्टी यांना आपण गेलो काय, राहिलो काय, सारखंच. तिथे गोड बोलून, आवाज चढवून काही होत नाही. पण नियमानं सवलती ठेवलेल्या असतात आणि त्या कागद दिल्याशिवाय घरी चालत येत नाहीत.

“आणि आपण काय करतो?” माई म्हणाल्या. “तोंडी बिलापुढे गप्प बसतो आणि कागदी बिलाच्या खिडकीवर जाऊन भांडतो.”

“मग भाजीवाली कुठल्या जातीत?”

“तिला मधे आणू नकोस. पहाटे मार्केट यार्डात जाते, टेम्पोचं भाडं भरते, उरलेला माल संध्याकाळी सुकतो. सोडण्यासारखं तिच्याकडे असतंच किती? मी तिच्याशी घासाघीस करत नाही आणि ती मला शिळी मेथी देत नाही. चाललंय आमचं.”

इंटरनेटची गोष्ट माईंनी रंगवून सांगितली. त्यांच्याकडचं कनेक्शन जुनं. मुलानं कधीतरी लावून दिलेलं, मोठ्या वेगाचं. नातवंडं होती तेव्हा ठीक; आता घरात माई, त्यांचे कीर्तनाचे व्हिडिओ आणि मुलीचा अमेरिकेहून येणारा फोन. कंपनीच्या जाहिरातीत नव्या गिऱ्हाइकाला तोच वेग बराच स्वस्तात दिसत होता. माईंनी ग्राहक सेवेला फोन लावला. ‘जरा कमी करा ना हो’ हे वाक्य त्यांनी उच्चारलंच नाही. त्या म्हणाल्या, “कनेक्शन बंद करायचंय. कसं करायचं तेवढं सांगा.”

“मग?”

“मग काय, आधी गाणं वाजलं. मग एक मुलगा आला, त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, गल्लीत दुसऱ्या कंपनीची केबल आली आहे आणि तुमचं नव्यांना स्वस्त, जुन्यांना महाग. तो म्हणाला होल्ड करा. पुन्हा गाणं. मग एक बाई आल्या, त्या फारच मऊ बोलणाऱ्या. जाणारं गिऱ्हाईक धरून ठेवायला वेगळी माणसं नेमलेली असतात गं. सवलत द्यायचा अधिकार त्यांना असतो, पहिल्या मुलाला नसतो. म्हणून त्या बिचाऱ्यावर ओरडायचंच नाही.”

“आणि त्यांनी कमी केलं?”

“आधी वेग वाढवून देते म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, कीर्तनकार जास्त वेगानं बोलायला लागले तर मला कळायचं नाही. मग खालचा प्लॅन निघाला. सहा महिन्यांचे एकदम भरले तर एक महिना वर. मी काहीच बोलले नाही. फोनवर गप्प बसलं ना, की समोरच्याला फार जड जातं. आणखी थोडं उतरलं.”

बोलून झाल्यावर तक्रार क्रमांक आणि ठरलेली रक्कम मेसेजवर मागून घ्यायची, हे माईंनी बजावून सांगितलं. पुढच्या बिलात ‘अशी काही ऑफर दिसत नाही’ असं ऐकू आलं तर तो मेसेज कामी येतो.

मोबाइलवर मात्र त्यांचा राग वेगळा आहे. “महिना अठ्ठावीस दिवसांचा कुणी केला?” हा प्रश्न माई गेली कित्येक वर्षं विचारतात. अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट. म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज. २०२२ मध्ये ट्रायनं प्रत्येक कंपनीला निदान एक तरी तीस दिवसांचा प्लॅन ठेवायला लावला. तो यादीत असतो, शोधावा लागतो एवढंच. माईंच्या जाऊबाईंकडे बटणांचा फोन. इंटरनेट त्यात चालतच नाही, तरी वर्षानुवर्षं डेटासकट रिचार्ज. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम केला की नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे वेगळे रिचार्ज ठेवायचे. पुढच्या महिन्यात ते आलेही. माईंनी जाऊबाईंच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणे असं काही नसतं. माईंनी त्याच्याच फोनवर शोधून दाखवलं.

एवढ्यात खालच्या बाजूनं गल्लीतले भाऊसाहेब पिशवी घेऊन गेले. आम्ही दोघींनी कपड्यांचे चिमटे नीट केले. ते दिसेनासे झाल्यावर माई भिंतीवर कोपर टेकून पुढे झुकल्या. म्हणजे आता मोठी गोष्ट येणार.

“मुलाच्या कर्जाचं सांगितलं का मी तुला?”

नव्हतं सांगितलं. माईंच्या मुलानं २०१७ साली वाकडला फ्लॅट घेतला. हप्ता खात्यातून आपोआप जातो, त्यामुळे दराकडे कुणी पाहिलंच नव्हतं. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून एवढ्या अवधीत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आणला. पेपरात ठळक बातम्या आल्या, टीव्हीवर चर्चा झाल्या. माईंनी मुलाला विचारलं, तुझा किती उतरला? तो म्हणाला, बघतो. मुलगे ‘बघतो’ म्हणाले की त्याचा अर्थ काय होतो, ते आम्हा दोघींना चांगलं माहीत आहे. शेवटी माईच त्याला घेऊन शाखेत गेल्या.

गोम अशी होती. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराचं नवं गृहकर्ज बाहेरच्या एखाद्या दराशी जोडावं लागतं, आणि बहुतेक बँका ते रेपोशी जोडतात. त्यामुळे रेपो उतरला की हे कर्ज उतरतं. त्याआधीची कर्जं मात्र बँकेच्या स्वतःच्या जुन्या हिशेबावर, एमसीएलआर म्हणतात त्यावर, बसलेली आहेत. तोही खाली येतो, पण सावकाश, आपल्या मर्जीनं. जुन्या कर्जदाराला नव्या पद्धतीत जाता येतं. बँक बोलवायला येत नाही. अर्ज करावा लागतो आणि थोडी फी भरावी लागते.

“काउंटरवर एक पोरगी होती, गोड. मी विचारलं, बाळ, आज कुणी नवीन कर्ज मागायला आलं तर दर काय? म्हणाली, सिबिल स्कोअर चांगला असेल तर आठ. म्हटलं, आणि ह्याचा? तिनं पाहिलं. नऊ. मी म्हटलं, म्हणजे आठ वर्षं एक हप्ता न चुकवलेल्याला नऊ, आणि ज्याचं तोंडसुद्धा तू अजून पाहिलं नाहीस त्याला आठ?”

“काय म्हणाली?”

“हसली बिचारी. साहेबांकडे पाठवलं. साहेब म्हणाले, आजी, सिस्टिममध्ये तसं होत नाही. मी म्हटलं, बरं, राहू द्या. मग कर्जाच्या शिल्लक रकमेचं पत्र आणि तुमच्याकडे असलेल्या आमच्या कागदपत्रांची यादी तेवढी द्या. दुसऱ्या बँकेत मागितली आहे.”

इथे माई थांबल्या. त्यांना दाद हवी होती, ती मी दिली.

“बदलत्या दराचं घराचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड घ्यायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेनं २०१२ सालीच सांगून ठेवलंय. साहेबांना ते माझ्यापेक्षा चांगलं पाठ. पत्र मागितल्याबरोबर चहा आला. सिस्टिममध्येही व्हायला लागलं.”

खरं तर दुसऱ्या बँकेत जायचं माईंच्या मनात नव्हतं. तिकडे गेलं की प्रोसेसिंग फी, वकिलाचा अहवाल, घराचं मूल्यांकन, मुद्रांक शुल्क, सगळं नव्यानं. दरातला फरक लहान आणि वर्षं थोडी उरली असतील तर सगळी बचत त्यातच जाते. पण आपण जाऊ शकतो हे समोरच्याला दिसावं लागतं. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर २०१९ चा तो नियम तिथे लागू नाही. तिथेही थोडी फी घेऊन दर खाली आणून देतात, मात्र मागणाऱ्यालाच.

मग माईंनी बोट पाण्यात बुडवून भिंतीच्या कठड्यावर आकडे मांडले. शिल्लक पंचवीस लाख, उरलेली वर्षं बारा. नऊ टक्क्यांनी हप्ता २८,४५१ रुपये. आठ टक्क्यांनी २७,०६१. महिन्याचा फरक १,३९० आणि बारा वर्षांचा धरला तर दोन लाख.

“दोन लाखांच्या किती जुड्या होतात गं कोथिंबिरीच्या?”

“पण माई, महिन्याला चौदाशे रुपये हातात आले, ते कुठे गेले तेही कळायचं नाही.”

“म्हणून तर हप्ता कमी करूच दिला नाही मी!” माईंचा चेहरा फुलला. हप्ता जुनाच, २८,४५१ ठेवायचा आणि मुदत कमी करून मागायची. तसं केलं तर कर्ज साधारण अकरा महिने आधी फिटतं आणि वाचलेली रक्कम सव्वातीन लाखांच्या घरात जाते. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय की दर बदलताना हप्ता बदलायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायचं. त्या वेळी दर चढत होते आणि बँका न विचारता मुदत लांबवत सुटल्या होत्या. काहींची कर्जं निवृत्तीच्या पलीकडे गेली. उतरत्या दरात हाच प्रश्न आपणच आपल्या बाजूनं विचारायचा.

माझ्या मते माईंची खरी करामत आकड्यांत नाही. त्या कुणालाही लाज आणत नाहीत. पोरीला बाळ म्हणाल्या, साहेबांचा चहा घेतला, निघताना शाखेतल्या कुंडीतल्या जास्वंदीला पाणी कमी घाला म्हणून सांगून आल्या. आपल्याकडे मागण्याचा संकोच फार. भीड भिकेची बहीण म्हणायचं आणि बँकेत गेलं की आवाज खाली. पगारदार माणसाला तर दर विचारणं म्हणजे आपली ऐपत काढल्यासारखं वाटतं.

कार्डाच्या वार्षिक फीचं त्यांनी एका वाक्यात उरकलं: फी लागली की फोन करून माफ करा म्हणायचं, नाही केली तर कार्ड बंद करा म्हणायचं, बाकी काही नसेल तर बंद करायची विनंती सात कामाच्या दिवसांत पुरी करावी लागते, नाहीतर दर दिवसाला पाचशे रुपये कार्डवाल्यांनाच भरावे लागतात.

भाऊसाहेबांच्या गाडीची हकीगत मात्र सविस्तर झाली, कारण भाऊसाहेब नुकतेच समोरून गेले होते. त्यांनी जुनी गाडी विकून नवी घेतली. शोरूममध्ये विम्याचा कागद तयारच होता. भाऊसाहेबांनी सही केली असती, पण पेढे द्यायला म्हणून ते आधी माईंकडे आले. पाच वर्षांहून अधिक काळ त्यांनी एकही दावा केला नव्हता, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’ पन्नास टक्क्यांवर पोचलेला. लोकांना वाटतं ती सूट गाडीची. ती मालकाची असते. जुन्या विमा कंपनीकडून पत्र घेतलं की तीच सूट नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते. नव्या गाडीचा तो हप्ता मोठा, त्यामुळे रक्कमही चांगली असते. शिवाय विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. भाऊसाहेब पत्र घेऊन गेले आणि येताना आणखी पेढे घेऊन आले.

“आणि मागच्या गल्लीतल्या आजींचं काय झालं?” मी विचारलं. त्या आजी बँकेत ठेव मोडून नवी ठेव करायला गेल्या होत्या आणि दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी घेऊन आल्या होत्या. वय वर्षं अडुसष्ट.

“सुटल्या. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत नको म्हणून कळवता येतं. थोडीफार कापून रक्कम परत येते. पूर्वी पंधरा दिवस होते, २०२४ पासून तीस झाले. पत्र मी लिहिलं, पोच घेतली. त्या साहेबांनी आजींना दोन वेळा फोन केला की आजी, तुमचंच नुकसान आहे. आजी म्हणाल्या, होऊ दे, माझंच आहे ना.”

विम्यातली एक बरी गोष्टही माईंनी सांगितली: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. नूतनीकरणाची पावती आली की तो रकाना शून्य आहे ना, एवढं पाहायचं.

तोपर्यंत कागदी जातीकडे गाडी वळली होती. विजेच्या बिलाचा विषय निघाला की आमच्या गल्लीत एक समजूत ठाम आहे, शंभर युनिट ओलांडले की सगळंच बिल महाग दरानं लागतं. माईंनी ती कित्येकदा खोडून काढली आहे. पहिले शंभर पहिल्याच दरानं, त्यापुढचे तीनशेपर्यंत त्याहून वरच्या दरानं, असं पायरीपायरीनं असतं. एकशेएकावं युनिट महाग पडतं, पहिली शंभर नाही. म्हणून महिनाअखेरीला मीटरपाशी उभं राहून मुलांना अंधारात बसवायचं कारण नाही. पण उन्हाळ्यात एसी लावला की वाढलेलं प्रत्येक युनिट वरच्या पायरीवरचं असतं हेही खरं. पंखे बदलायला मात्र माई सांगतात. जुना पंखा पंचाहत्तर वॉटचा, नवा बीएलडीसी तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास फिरला तर महिन्याला सोळा युनिट एका पंख्यामागे. कागदी बिल नको, ई-मेलवर पाठवा म्हटलं की बिलामागे दहा रुपये सुटतात, ते तर बसल्या जागी.

“आणि ते अनामतीचं बिल?” मी म्हटलं. दर उन्हाळ्यात अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं आणि गल्लीत हाहाकार होतो.

“ते आपलेच पैसे असतात बाई. वर्षभराच्या वापराचं सरासरी मासिक बिल काढायचं, त्याच्या दुपटीइतकी ठेव हवी. वापर वाढला की फरक मागतात. त्यावर व्याज मिळतं, बिलातून वळतं करतात. पावत्या जपून ठेवाव्यात. मीटर आपल्या नावावर नसेल तर जागा विकताना ती ठेव मागायला कोण जाणार? आपलं मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे ना?”

आमचं मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, हे माईंना कसं कळलं ते मी विचारलं नाही.

खरी कागदी लढाई घरपट्टीची. पुण्यात राहत्या घराला घरपट्टीत चाळीस टक्के सवलत १९७० पासून. मधल्या काळात शासनानं त्यावर आक्षेप घेतला, सवलत थांबली, १ एप्रिल २०१९ नंतर नोंद झालेल्या घरांना पूर्ण दरानं बिलं यायला लागली. २०२३ मध्ये सवलत पुन्हा सुरू झाली, पण नव्या घरांना ती आपोआप लागत नाही. पीटी-३ नावाचा अर्ज भरून द्यायचा: घरात मी स्वतः राहतो, भाड्यानं दिलेलं नाही. सोबत सोसायटीचं पत्र, राहण्याचा एखादा पुरावा आणि पंचवीस रुपये.

“भाऊसाहेबांच्या मुलाचा बाणेरचा फ्लॅट त्यानंतरचाच. मोठ्या कंपनीत मोठा साहेब. पूर्ण घरपट्टी भरत होता आणि महापालिकेच्या नावानं व्हॉट्सॲपवर रोज एक विनोद पाठवत होता. मी म्हटलं, विनोद पुरेत, अर्ज भर. म्हणाला, काकू, रांगेत कोण उभं राहणार? मग भाऊसाहेबच गेले. तासाभराचं काम. वर्षाला हजारो रुपये वाचतात, आणि ते दर वर्षी.”

“आणि मुलगा?”

“आता घरपट्टीवर विनोद येत नाहीत. खड्ड्यांवर येतात.”

दूधवाल्याची सायकल पुन्हा वाजली. आमटीकडे एकदा जाऊन यावं म्हणून मी वळले, तर माई म्हणाल्या, थांब, फोन आण तुझा. त्यांचं नवं वेड ‘ऑटोपे’. यूपीआयच्या ॲपमध्ये आत कुठेतरी एक यादी असते. कुणाकुणाला आपल्या खात्यातून दर महिन्याला आपोआप पैसे काढायची परवानगी दिली आहे, त्याची. माईंनी आत्तापर्यंत गल्लीतल्या बऱ्याच जणांची ती यादी उघडायला लावली आहे. वहिनींकडे मराठी नाटकांच्या शेजारी एक कोरियन मालिकांचं ॲप निघालं. मुलगी म्हणते आईचं, आई म्हणते मुलीचं. भाऊसाहेबांकडे इंग्रजी शिकवणारं. माझ्या फोनमध्ये योगासनांचं निघालं.

“हे कुणाचं?”

“ह्यांचं.”

“करतात?”

“हप्ता भरतं खातं.”

मोठा खर्च लोकांना दिसतो, तो सहन होतो. दीडशे-दोनशेचे हे हप्ते मेसेजच्या गर्दीत वाहून जातात. पैसे कापण्याआधी चोवीस तास सूचना द्यायची, असा नियम २०२१ पासून लागू आहे, आणि ती सूचना येतेसुद्धा. वाचतं कोण? माई वाचतात. त्यांची हिशेबाची वही आहे, लांबोडकी, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात एका पानावर फक्त आपोआप जाणाऱ्या रकमा लिहिलेल्या असतात, आणि दर पाडव्याला त्या पानावर त्या फुल्या मारायला बसतात.

दोन रकमांना मात्र त्या हात लावू देत नाहीत. मेअखेरीला सरकारी विमा योजनांसाठी खात्यातून जाणारे ४३६ आणि २०. पहिल्यात कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तर दोन लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. पहिली योजना पन्नाशीच्या आत घ्यावी लागते, दुसरी सत्तरीपर्यंत चालते. पोळ्यावाल्या मावशींना माईंनी दोन्ही काढून दिल्या आहेत आणि मेमध्ये खात्यात साडेचारशे-पाचशे शिल्लक ठेवायची आठवण त्या भिंतीवरूनच ओरडून करतात.

मी हे सगळं ऐकत होते, पण माझ्या मनात वेगळंच घोळत होतं, आणि ते माईंना सांगायची वेळ आली होती. आम्ही छतावर सौर पॅनेल बसवायचं ठरवतोय. तीन किलोवॉटचं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. महिन्याला साडेतीनशे युनिटच्या आसपास वीज निघते, उरली तर मीटर उलटं मोजून खात्यात धरलं जातं. घरपट्टीतल्या सर्वसाधारण करातही थोडी सूट मिळते. सगळं जमलं, माणूस येऊन गच्ची मोजून गेला आणि म्हणाला, सकाळी नऊ ते अकरा या झाडाची सावली पडते. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्याच्या ओळीतल्या सगळ्यांचं काम मंदावतं.

ते झाड माईंचा आंबा.

“फांदी कुठली?” माईंनी विचारलं. मी दाखवली. त्यांनी बराच वेळ वर पाहिलं.

“छाटायला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागेल. अर्ज मी लिहून देते.”

“म्हणजे तुमची हरकत नाही?”

“हा कागदी भाग झाला. तोंडी राहिलाय. त्या फांदीला माझ्या लोणच्याच्या कैऱ्या लागतात. तुझ्या बिलात वाचणार, माझ्या बरणीत घटणार. दर चैत्रात मंडईतून दोन डझन कैऱ्या आणून द्यायच्या.”

“एक डझन. आणि फांदी पूर्ण नाही, निम्मी.”

“निम्मी फांदी छाटून सावली निम्मी होत नाही, दुपारी फिरते ती. भूमितीत कच्चीच होतीस वाटतं तू. दीड डझन, आणि मंडईत मी बरोबर येणार. तिथे भाव तू करायचा नाहीस.”